चांद्याचा नकाशा आणि शालेय भूगोल : मोजणीच्या पत्रकापासून ऑनलाइन साधनांपर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्रात इयत्ता दहावीसाठी २०१८ मध्ये लागू झालेले भूगोलाचे पाठ्यपुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांच्या तुलनेवर रचलेले आहे. त्यामुळे दहावी उत्तीर्ण होऊन आमच्या महाविद्यालयात आलेला विद्यार्थी ॲमेझॉनचे खोरे नकाशात सहज दाखवतो. परंतु आपल्या गावाशेजारून वाहणारी नदी पुढे कोणत्या नदीस मिळते, हे दाखवताना त्याचे बोट अडखळते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे. तरीही दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात ही अडचण पुढे येते, कारण वाकाटकांपासून गोंड राजांपर्यंत काहीही शिकवावयाचे म्हटले तरी वैनगंगा कोठून येते येथूनच आरंभ करावा लागतो.

याचा दोष केवळ शालेय शिक्षकांना किंवा पाठ्यपुस्तकाला देणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या बाबतीत या अडचणीला दीर्घ पूर्वेतिहास आहे. या प्रदेशाचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे तयार होत आले. ते महसुलासाठी, लाकडासाठी, कोळशासाठी आणि बंदोबस्तासाठी तयार झाले. शाळेपर्यंत ते पोहोचले नाहीत, पोहोचले ते भिंतीवरच्या राज्याच्या नकाशाच्या रूपाने, ज्यात आपला तालुका नखाएवढा दिसतो. गेल्या दोन दशकांत इंटरनेटवर उपलब्ध झालेल्या साधनांमुळे ही स्थिती प्रथमच पालटू शकते. मात्र ही साधने जुन्या नकाशांचीच वारस आहेत आणि वारशाबरोबर जुने रिते कोपरेही त्यांच्याकडे आले आहेत. म्हणून त्यांचा वर्गातील वापर कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानाच्या पुस्तिकेपेक्षा या प्रदेशाच्या मोजणीच्या इतिहासात अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोजणी आणि तिने मोकळे सोडलेले भाग

भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रास येथे केला. कन्याकुमारीकडून उत्तरेकडे सुमारे ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आधाराने सरकत गेलेली ही मोजणी पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. या इतिहासातील एक प्रकरण आपल्या अगदी दाराशी घडले आहे. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन यांचे हिंगणघाट येथे निधन झाले व तेथेच त्यांचे दफन झाले. वरोऱ्याहून हिंगणघाट काही फार लांब नाही. शालेय सहली हेमाडपंती मंदिरांना व धरणांना जातात. जगाच्या भूगोलशास्त्रात ज्याच्या कामाची नोंद आहे त्या मोजणीदाराच्या थडग्यापाशी क्वचितच कोणी विद्यार्थ्यांना नेत असेल.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतर चांदा जिल्ह्याचे वर्णन पद्धतशीरपणे लिहिले जाऊ लागले. मेजर लूसी स्मिथ यांचा जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा, चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर १८७० चे, आणि चांदा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटियर १९०९ चे. हे तिन्ही ग्रंथ आजही या प्रदेशाच्या अभ्यासाचे आधार आहेत. त्यांतील माहितीची विपुलता पाहून वाचक थक्क होतो, परंतु ही विपुलता सर्वत्र सारखी नाही. खालसा भागातील धानाच्या गावांची मोजणी शेतवार झाली. अहेरीसारख्या जमीनदारी मुलखांची आकारणी मात्र बव्हंशी ढोबळ राहिली, कारण तेथून येणारा महसूल अल्प होता आणि मोजणीचा खर्च भारी. जेथे सारा नाही तेथे साखळी नाही, असा हा व्यवहार होता. आजच्या एटापल्ली, भामरागड या तालुक्यांचा प्रदेश नकाशात अशा रीतीने डोंगर, नाले आणि जंगल यांच्या खुणांनी भरला, माणसांच्या वस्त्यांनी मात्र विरळ राहिला. तेथे वस्त्या नव्हत्या असे नव्हे. माडिया गोंडांची गावे होतीच. स्थलांतर करणारी शेती आणि हलती वस्ती यांची नोंद ठेवण्याची सोय त्या नकाशाच्या भाषेत नव्हती.

कोळशाच्या बाबतीत चित्र उलट दिसते. वरोऱ्याच्या खाणीसाठी १८७० च्या दशकात वर्ध्याहून लोहमार्ग आला आणि वर्धा खोऱ्यातील खडकांच्या थरांचा अभ्यास बारकाईने झाला. भूमीखाली काय आहे हे भूमीवर कोण आहे यापेक्षा आधी कागदावर उतरले.

सरकत्या सीमा

भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकाला जिल्ह्याची सीमा ही डोंगर-नदीसारखी स्थिर वस्तू वाटते. महाराष्ट्रात तिसरीच्या वर्गासाठी जिल्हावार भूगोलाची पुस्तके देण्याची प्रथा स्तुत्य असली, तरी तिच्यामुळे हा समज दृढ होतो. चांद्याचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही. गोदावरीकाठचा सिरोंचा भाग अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता. १८७४ मध्ये तो चांद्यास जोडला गेला. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी व चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली ही नवी तहसील झाली. १९०७ मध्ये एक लहान जमीनदारी नव्या द्रुग जिल्ह्याकडे आणि सिरोंचाच्या दक्षिणेकडील चेर्ला, अल्बाक व नुगूर हे विभाग मद्रास प्रांताकडे गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आधी नांदेडकडे आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

एकाच गावातील आजोबा मध्य प्रांतात जन्मले, वडील मुंबई राज्यात आणि नातू गडचिरोली जिल्ह्यात, आणि घर मात्र जागचे हलले नाही. जिवती तालुक्यातील चौदा गावांवर तर महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांनी दावा सांगितला असून, तेथील रहिवाशांनी दोन्ही राज्यांच्या मतदार याद्यांत नावे असल्याचा अनुभव घेतला आहे. सीमारेषा माणसांनी आखलेली असते हे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला समजावण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

येथे ऑनलाइन साधनांचा पहिला व कदाचित सर्वांत निर्विवाद उपयोग दिसतो. एम. फिल.च्या प्रबंधासाठी बंदोबस्त अहवाल पाहावयाचा होता तेव्हा प्रस्तुत लेखकाला नागपूरच्या तीन फेऱ्या कराव्या लागल्या होत्या. एका ग्रंथालयात तो जीर्ण झाल्यामुळे छायाप्रत नाकारली गेली, म्हणून पानेच्या पाने हाताने उतरून घेतली. आज जुनी गॅझेटियर्स इंटरनेट अर्काइव्हसारख्या ग्रंथसंग्रहांत आणि महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. १९०९ च्या गॅझेटियरमधील वर्णन आणि आजचा जिल्ह्याचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना केवळ सीमा कोठे बदलली एवढे जरी शोधावयास सांगितले, तरी एक तास कसा सरतो ते कळत नाही.

चार पत्रकांचा कोपरा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांची मांडणी अक्षवृत्त-रेखावृत्तांच्या चौकटींवर आधारलेली आहे. चार अंश लांबी व चार अंश रुंदीच्या प्रत्येक चौकटीला क्रमांक, तिच्या सोळा भागांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे, आणि प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके अशी ही रचना होय. या रचनेत २० अंश उत्तर अक्षवृत्त आणि ८० अंश पूर्व रेखावृत्त जेथे छेदतात तेथे ५५, ५६, ६४ व ६५ या चार मोठ्या चौकटींचे कोपरे एकत्र येतात. हा बिंदू गडचिरोली शहराच्या दक्षिणेस अवघ्या वीस किलोमीटरच्या आसपास आहे.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, ब्रह्मपुरी व आरमोरी ५५-पी मध्ये, चंद्रपूर व चामोर्शी ५६-एम मध्ये, धानोरा व कुरखेडा ६४-डी मध्ये, तर एटापल्ली व भामरागड ६५-ए मध्ये पडतात. सिरोंचासाठी आणखी दक्षिणेकडचे ५६-एन हे पत्रक घ्यावे लागते. कागदी नकाशांच्या काळात एखाद्या शिक्षकाला आपल्या जिल्ह्याचा सविस्तर नकाशा वर्गात लावावयाचा झाला असता, तर पाच वेगवेगळ्या पत्रकांची जुळवाजुळव करावी लागली असती; पन्नास हजारास एक या प्रमाणावर तर पत्रकांची संख्या कितीतरी वाढते. इतकी यातायात कोणती शाळा करणार? वैनगंगेचा प्रवाह भंडाऱ्याकडून सिरोंचापर्यंत एका नजरेत पाहण्याची संधी आपल्या पिढ्यांना मिळाली नाही, त्याचे एक कारण इतके साधे, कागदाच्या कडांचे आहे.

ही अडचण धोरणांच्या आणि तंत्राच्या पातळीवर क्रमाक्रमाने दूर झाली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी वेगळी व सामान्य वापरासाठी खुली अशा दोन नकाशामाला केल्या. त्याच वर्षी गूगल अर्थ आले. ऑगस्ट २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. खुल्या मालेतील नकाशे २०१७ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाने इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी नकाशा तयार करण्यावरील पूर्वपरवानगीचे बहुतेक निर्बंध उठवले. नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून उपग्रह प्रतिमांवर काम करीत आहे. त्याचे कार्य शालेय शिक्षकांना फारसे ठाऊक नसते, ही खेदाची बाब आहे. पडद्यावर पत्रकांच्या कडा नाहीशा होतात. वर्धा व वैनगंगा यांचा चपराळ्याजवळील संगम, तेथून पुढे प्राणहिता हे नवे नाव, आणि सिरोंचाजवळ गोदावरीशी होणारी भेट हे सारे एका बोटाच्या हालचालीत दिसते.

याच ८० अंश रेखावृत्तामुळे आणखी एक प्रयोग येथे सहज करता येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्ताची. अंतर अडीच अंशांचे, म्हणजे दहा मिनिटांचे. गडचिरोलीच्या शाळेच्या पटांगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ नोंदवली, तर ती घड्याळातील बारानंतर सरासरी दहा मिनिटांनी येते. ऋतुमानाप्रमाणे तिच्यात काही मिनिटांचा फरक पडतो. आपल्या गावाचे रेखांश मोबाइलवर पाहणे आणि तेच काठीच्या सावलीतून पडताळणे या दोन कृती एकत्र झाल्या म्हणजे रेखावृत्त ही संज्ञा पाठांतरातून सुटते.

पडद्यावरील रिता भाग

तीन वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने बी. ए. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका प्रचलित ऑनलाइन नकाशासेवेवर आपापले गाव शोधून त्याभोवतीच्या पाच गोष्टींची नोंद करण्यास सांगितले. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा येथील विद्यार्थ्यांनी दुकाने, पेट्रोलपंप, दवाखाने अशी भरगच्च यादी आणली. भामरागड तालुक्यातील एका विद्यार्थिनीने कोरा कागद दिला. तिचा टोला नकाशावर नव्हता. मुख्य गाव होते, पण नावाची अक्षरे अशी बदललेली की तिने ते प्रथम ओळखलेच नाही. उपग्रह प्रतिमा उघडल्यावर मात्र तिने नाला ओळखला, नाल्याचे वळण ओळखले, आणि झाडांच्या दोन पट्ट्यांमधील फिकट ठिपक्यावर बोट ठेवून सांगितले की ही आमची घरे.

जमीनदारी मुलखाची ढोबळ आकारणी आणि या विद्यार्थिनीचा कोरा कागद यांच्यात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. कारण मात्र फारसे बदललेले नाही. महसूल मोजणीने जेथे सारा नव्हता तो भाग मोकळा सोडला. व्यापारी नकाशासेवा जेथे ग्राहक नाही तो भाग मोकळा सोडते. नावांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. गोंडीमध्ये गावाला नार, डोंगराला मेट्टा आणि पाण्याला एर म्हणतात. मोजणीदाराने ऐकलेले नाव रोमन लिपीत लिहिले, पुढे कोणीतरी ते देवनागरीत आणले, आणि आज यंत्र ते पुन्हा एकदा लिप्यंतरित करते. प्रत्येक पायरीवर नावातील अर्थ थोडा थोडा झिजतो. सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींतील बंगाली, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगडी, आणि झाडीपट्टीची स्वतःची बोली, इतक्या भाषांच्या प्रदेशात नाव हीच एक भौगोलिक साधनसामग्री आहे.

येथे मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव विचारात घ्यावा लागतो. धानोरा तालुक्यातील या गोंड गावाने १९८० च्या दशकापासून अभ्यासगट आणि सर्वसहमती या मार्गांनी आपल्या जंगलाचा विचार केला. श्री. देवाजी तोफा आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रक्रियेशी जोडलेली आहेत. वनहक्क कायदा २००६ अंतर्गत सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा व त्याच तालुक्यातील मर्दा यांची गणना होते. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावरील हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात मोठ्या संख्येने ग्रामसभांनी दावे केले. हा प्रत्येक दावा हे भूगोलाचे एक प्रात्यक्षिकच होते. सीमेवरील झाड, खडक, नाला, देवस्थान, गुरे चारण्याची जागा यांची पायी पाहणी, शेजारच्या गावाशी बोलणे, आणि मग कागदावर आकृती.

या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे ती भूगोलाच्या आणि इतिहासाच्या अध्यापकांनी मुद्दाम वाचावी. तीत गॅझेटियर, जनगणना, मोजणी व बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे आणि उपग्रह प्रतिमा यांच्या जोडीला गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही आहे. २०१२ मध्ये या नियमांत दुरुस्ती झाली. उपग्रह प्रतिमा व इतर तंत्रज्ञान हे अन्य पुराव्यांस पूरक म्हणून वापरता येईल, त्यांची जागा ते घेऊ शकणार नाही, असे तीत स्पष्ट केले आहे. वर घनदाट छत्र असेल तर खालची जुनी वहिवाट प्रतिमेत दिसत नाही, आणि प्रतिमेत न दिसणे हा दावा फेटाळण्याचा आधार होऊ नये, हा या तरतुदीचा आशय. वर्गातील ऑनलाइन साधनांविषयी इतका नेमका शैक्षणिक नियम प्रस्तुत लेखकाला कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात आढळलेला नाही. तो वनांसाठी केलेल्या नियमावलीत आढळावा यात थोडी गंमत आहे, थोडी शरमही.

तलाव, धरण आणि एक शब्द

या दृष्टीने कोणते विषय घ्यावेत? चंद्रपूरच्या पूर्व भागात आणि गडचिरोलीच्या उत्तर भागात पहिला मान माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे लोकांच्या तोंडच्या मामा तलावांचा. कोहळी समाजाच्या तलावबांधणीची ख्याती आणि गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना दिलेल्या जमिनी यांची परंपरा सर्वश्रुत आहे. मध्य प्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा लागू झाल्यावर हे तलाव शासनाकडे आले. सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावर निळ्या रंगात दाखवलेले तलाव एकीकडे आणि अलीकडची उपग्रह प्रतिमा दुसरीकडे ठेवल्यास, काही तलावांच्या जागी आज धानाच्या बांध्या दिसतात, काहींची पाळ फुटलेली दिसते. येथपर्यंत पडदा मदत करतो. पाळ कधी फुटली, पाणी वाटपाचा पाणकर कोण होता, बोडी कोणाच्या मालकीची होती, हे विचारण्यासाठी मुलांना गावातच जावे लागते. उन्हाळ्यात घेतलेली प्रतिमा पाहून तलाव नष्ट झाला असा निष्कर्ष काढणारे विद्यार्थीही भेटतात. प्रतिमेची तारीख पाहावी हे शिकवण्यासाठी ही चूक फार उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण सिरोंचाचे. गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. त्याचे एक टोक तेलंगणात, दुसरे सिरोंचा तालुक्यात. गूगल अर्थवरील जुन्या प्रतिमांचा क्रम पुढे सरकवला की वाळूचे पांढरे पट्टे असलेले पात्र काही वर्षांत रुंद जलाशय झालेले दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले, त्यानंतर पाणी सोडून द्यावे लागले. त्याचाही माग प्रतिमांत लागतो. कोणत्याही पाठ्यपुस्तकाला हा वेग साधणार नाही. कोणाची शेते पाण्याखाली गेली आणि मोबदल्याचे काय झाले, हे मात्र प्रतिमेत नसते. सिरोंचाच्या शाळेतील मुलांना ते घरीच ऐकावयास मिळते. चंद्रपूरच्या परिसरातील उघड्या कोळसा खाणी, इरई धरण आणि औष्णिक वीज केंद्र यांच्याविषयीही हेच म्हणता येईल, पण त्यावर स्वतंत्रपणे लिहिणे योग्य.

तिसरे उदाहरण एका शब्दाचे आहे. दक्षिण गोलार्धातील खंड एकेकाळी जोडलेले होते, त्या महाखंडाला गोंडवनलँड म्हणतात, हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. गोंडवन हे नाव भूशास्त्रज्ञ हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातील खडकांच्या मालिकेस दिले आणि एडवर्ड स्यूस यांनी १८८५ मध्ये ते संपूर्ण महाखंडास लावले. गोंडांच्या देशाचे नाव अशा रीतीने आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या इतिहासाला मिळाले. सिरोंचाजवळच्या कोटा गावाचे नाव तर तेथील जीवाश्मयुक्त थरांना मिळाले असून जगभरातील भूशास्त्राच्या ग्रंथांत ते आढळते. खंड विलग होण्याची चलच्चित्रे इंटरनेटवर विपुल आहेत, आणि ती पाहताना मुलांचे डोळे विस्फारतात. त्या चित्रातील नाव आपल्या आजोबांच्या जमातीचे आहे हे एटापल्लीच्या मुलाला कोणी सांगितलेले असते का? प्रस्तुत लेखकाने वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही.

साधने आणि वीज

साधनांच्या उपलब्धतेविषयी भाबडेपणा नको. जून २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर लोकवर्गणीतून अनेक जिल्हा परिषद शाळांत प्रक्षेपक व संगणक आले. २०१७ मध्ये दीक्षा हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर संकेत छापले गेले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या साऱ्याची परीक्षा झाली. सह्याद्री वाहिनीवरील टिलीमिलीसारख्या मालिकांनी दूरचित्रवाणी असलेल्या घरांपर्यंत शिक्षण नेले. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटत असे, तेथे वीज आणि जाळे यांचा भरवसा कोण देणार? इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम असलेले हे गाव नदीप्रणालीच्या अभ्यासाचे उत्कृष्ट स्थळ आहे, आणि नेमक्या त्याच नद्या पडदा बंद पाडतात.

या भागातील अनुभवी शिक्षकांनी यावर काढलेला मार्ग साधा आहे. तालुक्याच्या गावी आले असताना आवश्यक नकाशे, प्रतिमा व चित्रफिती मोबाइलमध्ये उतरवून घेणे, शक्य असल्यास एका पत्रकाची मोठ्या आकारात छपाई करून घेणे, आणि शाळेत ते कागदावरच वापरणे. ऑनलाइन साधनाचा उत्तम वापर अशा वेळी जाळ्याविना होतो. वर्ध्याच्या ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या विचारात मुलाच्या परिसरातील कामाला शिक्षणाचे केंद्र मानले होते. शेजारच्या जिल्ह्यातील तो विचार येथे आठवतो, कारण छापलेला नकाशा घेऊन नाल्याकाठी जाणे ही त्याच जातीची कृती आहे.

महाविद्यालयांनी यात काय करावे, हा प्रश्न उरतो. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या दोन जिल्ह्यांच्या महाविद्यालयांना आपल्या परिसराचा अभ्यासक्रमात समावेश करण्याची अधिक मोकळीक मिळाली आहे. आमचे पदवीधर विद्यार्थीच उद्या येथील शाळांत शिक्षक होतात. भूगोल व इतिहास विभागांनी मिळून एका तालुक्याची पत्रके, जुन्या गॅझेटियरमधील उतारे, दोन वेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा आणि ग्रामसभेच्या संमतीने तयार झालेली वस्त्यांच्या नावांची यादी असा एक संच तयार केल्यास तो शाळांना देता येईल. संमतीचा उल्लेख येथे औपचारिक नाही. देवस्थान, औषधी वनस्पतींची जागा, मधाची झाडे ही माहिती खुल्या नकाशावर टाकावी की नाही याचा निर्णय गावाचा आहे. २००४ पासून चालू असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपसारख्या उपक्रमात कोणालाही नावे भरता येतात आणि ती एकाहून अधिक भाषांत भरता येतात. पण एकदा भरलेली माहिती सर्वांची होते, हेही गावाला आधी सांगितले पाहिजे.

कोरा कागद देणाऱ्या त्या विद्यार्थिनीने पुढच्या सत्रात आपल्या गावाचा हाताने काढलेला नकाशा आणला. उपग्रह प्रतिमेवरून नाल्याची रेषा घेतली होती, टोल्यांची नावे आजीला विचारून लिहिली होती. एका टोल्याच्या नावावर तिने दोन वेळा खाडाखोड केली होती. त्या नावातील शेवटचा ध्वनी देवनागरीत कसा लिहावा यावर आजी आणि तिचे एकमत झाले नव्हते. त्या जागी तिने पेन्सिलने दोन्ही रूपे लिहून ठेवली होती.